नुकसानीची गोण

आमच्या गावाच्या मंडळाची परळला एका चाळीत खोली आहे. पूर्वी गावाहून नोकरीला आलेले पुरुष तिथे ओळीने पथाऱ्या टाकून झोपायचे. आता तिथे कुणी राहत नाही, पण भाडं भरलं जातं, किल्ली अध्यक्षांकडे असते आणि गावचं जे काही ठरायचं ते अजून तिथेच ठरतं. देवळाला रंग कोणता द्यायचा, पालखी आधी कुणाच्या दारात थांबवायची, विहिरीला पंप बसवायचा की नाही. गाव तळकोकणात आणि ठरवणारे परळमध्ये. लहानपणापासून हेच पाहिल्यामुळे मला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

आम्ही बायका त्या खोलीत वर्षातून एकदा जायचो, सत्यनारायणाला, शिरा ढवळायला. बाबा असतानाची शेवटची पूजा मला चांगली आठवते. भटजी कथेत रंगले होते आणि पुढे बसलेल्या एकाच्या खिशात फोन वाजला. मग त्याच्या शेजाऱ्याचा वाजला. मग भिंतीला टेकून बसलेल्यांचे वाजले, आणि बघता बघता सगळी खोली टुंग टुंग करायला लागली. सरकार शेतकऱ्यांच्या खात्यावर जो हप्ता टाकतं, तो त्या दिवशी जमा झाला होता. कुणीतरी चष्मा कपाळावर चढवून "आला रे, आला" म्हणालं आणि भटजींना साधुवाण्याची नौका मध्येच थांबवावी लागली.

मी दारातून सगळ्यांचे चेहरे बघत होते. एक निवृत्त बस कंडक्टर, एक बँकेतला शिपाई, एक व्यायामशाळावाला, दोघंतिघं लालबागच्या मसाल्याच्या दुकानांतले. आणि माझे बाबा. गिरणी बंद पडल्यावर पुढची सगळी वर्षं ते एका उंच इमारतीच्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसले होते. हे सगळे शेतकरी! मला हसू आवरेना. वहिनीने मला जोरात चिमटा काढला, तरी मी शिऱ्यात काजू टाकता टाकता हसतच राहिले.

आमची जमीन बाबांनी कसलेली मी कधी पाहिली नाही. ती कसते माझी आत्या. बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर काही वर्षांतच नवरा गेला, सासरच्यांनी नीट वागवलं नाही म्हणून ती माहेरी परत आली आणि तिथलं घर, गुरं, आजारी आजी आणि भाताची शेती हे सगळं तिच्या अंगावर पडलं. बाबा मुंबईत होते. ते गणपतीला आणि शिमग्याला जायचे, खळ्यात खुर्चीवर बसायचे आणि "यंदा भात बरा दिसता" म्हणायचे. आत्या हो म्हणायची.

पण सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. आजोबा गेले तेव्हा रीतीप्रमाणे तिच्याकडून हक्कसोडावर सही घेतली होती. आमच्याकडे रीत अशी की बाप गेला की भाऊ बहिणीला साडीचोळी करतो, गोडाधोडाचं जेवायला घालतो आणि जेवण झाल्यावर कागद पुढे ठेवतो. बहिणीने तो वाचायचा नसतो. वाचला तर भावावर विश्वास नाही असं होतं. साडी घेतली म्हणजे सही आलीच, आणि सही केली म्हणजे माहेरचं दार उघडं राहिलं, असा सगळा हिशेब. आत्या तेव्हा नुकतीच लग्न होऊन गेलेली होती. तिने सही केली, आणि नंतर ज्या जमिनीशी तिचा कागदोपत्री काही संबंध उरला नव्हता, तीच जमीन जन्मभर कसली.

बाबा गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गेले. वारस म्हणून दादाचं आणि माझं नाव सातबाऱ्यावर लागलं. आई आधीच गेली होती. मी अँटॉप हिलला नवऱ्याच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहते, परळला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. जमिनीचा मी कधी विचारही केला नव्हता. नाव लागलं, लागू दे, एवढंच मनात आलं.

मग ऑक्टोबरात, भात कापणीला आलेलं असताना, गावाकडे पावसाने धुमाकूळ घातला. थांबायचं नावच घेईना. आत्याचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्येच होते.

"सगळा भात आडवा झाला गो," ती म्हणाली. "लोंब्यांक कोंब इले. उभ्या शेतात रुजाक लागला."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. मला मात्र तिथे नमुन्यांच्या बाटल्यांसमोर उभ्या उभ्या रडू आलं. पुढे ती म्हणाली की सरकारी माणसं येऊन पंचनामा करून गेली, नुकसानीची मदत येणार आहे, पण जमीन दोघांच्या नावावर असल्यामुळे पैसे कुणा एकाच्या खात्यात टाकायला दुसऱ्याची संमती लागेल. "तुमी दोघा काय ता ठरवा नि सही करा. माका वर्षाचा खावक होया, नि फुडच्या जूनात बियाणा होया. बाकी माका काय नको."

एवढीच गोष्ट होती. तिने पेरलं, तिने लावलं, तिचं कुजलं, तर तिला मिळावं. शाळेतल्या पोराला विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं.

त्याच रविवारी दादा आणि वहिनी माझ्याकडे आले. हातात मिठाईचा खोका आणि एक पिशवी. पिशवीत साडी होती, मोरपंखी, काठ बरे होते. साडी बघितली आणि पुढे काय येणार ते मला कळलं. मी काही बोलायच्या आत वहिनीने मला कुंकू लावून ती माझ्या हातात दिलीसुद्धा. मग चहा झाला आणि दादाने शर्टाच्या खिशातून घडी केलेले कागद काढले.

"हक्कसोड आहे," तो म्हणाला. "नावं दोन असली की प्रत्येक वेळी तुझी सही, माझी सही, नस्ती कटकट. एकाच नावावर असलं की मदत पटकन येईल. हप्ताही माझ्या नावाने चालू करता येईल. बाबांचा बंद झालाय ना."

"मदत आल्यावर आत्याला देणार?"

"देऊ की. गणपतीला जाऊ तेव्हा ठेवू काहीतरी हातावर."

"काहीतरी म्हणजे?"

"अग, घराची कौलं बदलायचीत. पावसात गळतं. आपण गेलो की राहायचं कुठे? तो खर्च आधी नको का निघायला?"

आपण वर्षातून आठवडाभर जाणार, तेवढ्यासाठी कौलं. आणि जी बाराही महिने त्या कौलांखाली राहते, तिच्या हातावर काहीतरी. माझं डोकं फिरलं. मी कागद उचलले आणि त्या दोघांसमोर बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. सावकाश. वहिनी खिडकीबाहेर बघत होती, दादा पायाने फरशी खरवडत होता.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "जमीन मला नकोय, पण माझं नाव राहणार. मदत माझ्या खात्यात येऊ दे, मी ती जशीच्या तशी आत्याला पाठवते. तू तेवढी संमती दे."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही."

"नाही," मी म्हटलं.

हा शब्द आमच्या घरात बहिणीने भावाला कधी ऐकवला नसावा. दादा उठला. जाताना वहिनी म्हणाली, "साडी राहू दे तुमच्याकडे. राग शांत झाला की नेसा." ती साडी मी प्लॅस्टिकसकट कपाटावर टाकली.

दादाने विषय मंडळात नेला. आमच्याकडे कोर्टाआधी मंडळ. रविवारी सकाळी बैठक आहे असं मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. मी साडी पिशवीत घातली आणि परळला गेले. दारात चपला काढल्या तेव्हा आतल्या सगळ्या माना वळल्या. बैठकीला बाई आलेली नव्हती कधी. कुणीतरी सरकून मला कोपऱ्यात जागा दिली, मी मधोमध जाऊन बसले.

अध्यक्ष म्हणजे तेच निवृत्त कंडक्टर. माणूस वाईट नाही. माझ्या बारशाला त्यांनी पेढे वाटले होते असं आई सांगायची. ते समजुतीने म्हणाले, "बाय, तू सासुरवाशीण. तुका काय कमी आसा? भावाक देऊन टाक. माहेरची वाट रवता."

"काका, माहेरी आत्ता आहे कोण? वाट कुणाकडे जाते?"

ते दादाकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आत्या आहे. आणि तिचीच वाट तुम्ही अडवताय. यंदा शेतात कुणी पाय घातला, सांगा ना. इथे बसलेल्यांपैकी ज्याने या जूनमध्ये चिखल तुडवला असेल त्याने हात वर करा. मी आत्ता सही करते."

एकाचाही हात वर गेला नाही. व्यायामशाळावाल्याने डोकं खाजवायला हात उचलला होता, तो त्याने घाईघाईने खाली घेतला.

"शेतकऱ्याची मदत आहे ना ती? मग शेतकरी कोण आपल्या घरात? कुणाची आई आहे, कुणाची विधवा वहिनी, कुणाची बहीण. त्यांचं भात झोपलं की मेसेज तुमच्या फोनवर येतो आणि तुम्ही इथे शिरा खाता."

"म्हणजे उद्या आमच्या बहिणीपण येऊन बसणार काय इथे?" मागून एकजण म्हणाला.

"येऊ देत. खोली कमी पडली तर गच्चीवर बसू."

दादाचा चेहरा लाल झाला होता. मी साडीची पिशवी त्याच्यासमोर सतरंजीवर ठेवली आणि म्हटलं, ही परत. तो म्हणाला, दिलेली साडी परत करतात का, अपशकुन असतो. मी म्हटलं, असू दे. अध्यक्षांनी घसा खाकरून निकाल दिला, की हा घरचा विषय आहे, घरात मिटवा. याच खोलीत चार घरांच्या भांडणांचे निकाल लागलेले मी ऐकून होते, पण बाई समोर बसली की विषय घरचा होतो.

घरी आल्यावर मी मोठ्या तोऱ्यात आत्याला फोन केला. वाटलं, शाबासकी देईल. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "साडी परत केलंस? बरा केलंस. माका गावलेली ती दोन दिवाळ्ये टिकली." मग म्हणाली, "पण माझ्यासाठी भांडतंय असा सांगा नको कोणाक. मी काय अनाथ नाय. भांडाचा तर तुझ्या नावासाठी भांड. माझा मी बघतंय."

"तू काय बघणार आत्ये? दादा संमती देत नाही. दोघांपैकी कुणीच दिली नाही तर पैसे तसेच राहतील."

"बघतंय म्हटला ना," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला तिचा थोडा रागच आला. मी इथे सगळ्या गावाशी वैर घेतलं आणि हिचं हे असं. दिवाळी तशीच गेली. भाऊबीजेला मी गेले, ओवाळलं, दादाने तबकात पाकीट टाकलं, दोघांनी एकमेकांकडे न बघता फराळ केला. सहीचा विषय कुणीच काढला नाही. तिकडे तलाठ्याचा आत्याकडे निरोप आला होता की कागद लवकर द्या, नाहीतर पुढचं सांगता येणार नाही.

दर वर्षी दिवाळीनंतर आत्या नव्या तांदळाची एक गोण खाजगी बसने पाठवते. बस लालबागला ती उतरवते, दादा हातगाडीवरून घरी नेतो, आणि मग अर्धा तांदूळ माझा. भांडण असो नसो, हे कधी चुकलं नाही. दादाचं एक आहे, तांदूळ वाटताना तो मापाच्या डब्यावर हात फिरवून सपाट करतो, मला एक दाणा कमी देत नाही. यंदा गोण येईल असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. पण आली. दादाचा फोन आला, "गोण आलीय. तुझा वाटा घेऊन जा." आवाजात जरा विजयाचा सूर होता. म्हणजे इतकं काही नुकसान झालेलं नाही, असं त्याला सुचवायचं असावं.

मी ड्युटी संपवून लालबागला गेले. गोण दाराशीच होती, नेहमीपेक्षा जड वाटत होती म्हणे, हातगाडीवाल्याने जास्त पैसे मागितले. वहिनीने खोलीत जुनी चादर अंथरली. दादाने सुतळी कापली आणि गोण ओतली.

आतून तांदूळ नाही आला. काळपट ओलं भात आलं, लोंब्यांसकट, चिखलासकट. दाण्यादाण्यातून पांढरे कोंब निघाले होते, काही एकमेकांत गुंतून त्यांचे गठ्ठे झाले होते. आणि वास! आंबलेला, कुबट, चाळीच्या गॅलरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा. शेजारची बाई नाकाला पदर लावून दारात आली आणि काही न विचारताच परत गेली. वहिनी ओरडली, "अहो, हे काय आणलंत घरात!"

दादाने आत्याला फोन लावला. स्पीकरवर.

"आत्ये, गोण चुकली वाटतं. यात खराब भात आलंय."

"चुकाक कित्या? मीच भरलंय ती."

"अग, पण हे कुजलंय."

"कुजलाच तो. तुका खरा वाटत नव्हता मां? नुकसान झाला म्हणान सरकार पैसे देता. पैसे तुज्या खात्यात होये, तर नुकसान पण तुज्या घरात होया. जमीन तुझी, नाव तुझा. मग ह्या माज्या घरात कित्याक? ठेव तुझ्याकडेच."

दादाच्या हातात मूठभर भात होतं. तो ते बोटांनी चाचपत होता. खाली चादरीवर ढीग आणि समोर हा, लालबागमधला शेतकरी. मला वाटलं होतं मला हसू येईल, पण आलं नाही.

"ह्याचं काय करायचं असतं आत्ये?" त्याने हळूच विचारलं.

"वाळवाचा, त्यातला निवडाचा, नि पेज करून खावची. मी ताच खातंय. तू पण खा."

ती ओरडली नव्हती. रोजचं काम सांगावं तसं सांगितलं तिने. दादाने फोन बंद केला आणि मुठीतलं भात परत ढिगावर ठेवलं. माझी दया त्या दिवशी दुसरीकडे होती. शेवटी वहिनीच म्हणाली, "अहो, द्या ना सही करून. त्या तिथे हे खातायत, आणि आपण कौलांचं बघत बसलोय." मी इतकी वर्षं तिला ओळखते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला ती आवडली.

दादाने संमतीवर सही केली. पेनातून शाई उतरेना, दोनदा झटकावं लागलं. कागद मला देताना तो म्हणाला, "हक्कसोडाचं काय?"

"ते विसर," मी म्हटलं.

मदत माझ्या खात्यात आली त्या दिवशी माझाही फोन टुंग वाजला. मी लॅबमध्ये होते. आलेली सगळी रक्कम मी तिथल्या तिथे आत्याच्या खात्यात पाठवली आणि तिला फोन केला. मला वाटलं, आता तरी ती दोन गोड शब्द बोलेल.

"गावले," ती म्हणाली. "पण ह्ये उपकार समजू नको हां. माझा भात कुजला त्याचे ते."

"माहीत आहे आत्ये."

"नि त्या जमिनीर तुझा नाव आसा अजून?"

"आहे. सही नाही केली. करणारही नाही."

"बरा झाला," ती म्हणाली. तिच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. "मग जूनात लावणेक ये. माझी कंबर आता पूर्वीसारखी रवली नाय. नुसता नाव ठेवन चलाचा नाय. परळात बसान शेतकरी होवचो तर तुझो भाव काय वायट होतो?"

मंडळाच्या खोलीत मीच विचारलं होतं, चिखल कुणी तुडवला म्हणून. तेव्हा माझाही हात खालीच होता, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आत्याच्या आलं.

जूनसाठी मी रजेचा अर्ज टाकला आहे. साहेबांनी कारण विचारलं. मी लिहिलं होतं, शेतीचं काम. ते हसले, म्हणाले, मॅडम, तुम्ही आणि शेती? मी त्यांना म्हटलं, सातबारा दाखवू का? मग लक्षात आलं की तो दाखवून काही सिद्ध होत नाही, आणि मी त्यांना सांगितलं, परत आल्यावर पाय दाखवते.